उजवीकडची सीट

एक्केचाळीस सुग्या आम्ही बरोबर काढल्या,
पण एका केबिनमध्ये कधी बसलो नव्हतो.
ओरेस्ट कंबाइनवर, मी धान्याच्या ट्रकवर,
मध्ये धूळ
आणि रेडिओची खरखर:
भरलं. ये. जवळ घे. अजून. थांब.
एवढ्याच शब्दांत संसार झाला म्हटलं तरी चालेल.
पोरं मध्येच कधीतरी झाली, हिवाळ्यात.

आता जमीन ब्रेंटला खंडाने दिलीय,
ट्रक विकला,
आणि ऐन सप्टेंबरात,
जेव्हा शहाण्या माणसाने शेत सोडून कुठे जाऊ नये,
आम्ही निघालोय पश्चिमेला.
मागच्या सीटवर बिटाच्या लोणच्याच्या अकरा बरण्या,
खसखशीचे दोन रोल,
आणि त्याची ती टोपी
जी मी दोनदा फेकून दिली होती.

गाडी ताशी ऐंशीने. मागे रांग लागते.
इकडे लोक हॉर्न देत नाहीत,
ओलांडून जाताना नुसते बघतात
म्हातारा चाकावरच गेला की काय.
गेला नाहीये. शेतं वाचतोय.
"याची मसूर उशिरा पेरलेली."
"ह्याला गारा लागल्यात."
"हा आळशी. कोपरे बघ कसे सोडलेत."
मी नकाशा मांडीवर धरून बसते.
वळण एकच आहे, तेही उद्या.

स्विफ्ट करंटला त्याची बहीण, स्टेफा.
वडिलांच्या एका तुकड्यावरून
दोघं एकोणीस वर्षं बोललेली नाहीत.
कोबीचे रोल जेवलो. घड्याळ टिकटिकत होतं, ते ऐकलं.
सकाळी बघते तर
झोपायच्या गाऊनवर, हातात पाण्याची बादली,
आमच्या काचेवर चिकटलेले किडे
खरवडून काढत होती ती, एकेक.
ओरेस्टने खिडकीतून पाहिलं
आणि बूट घालायला फार वेळ लावला.

मेडिसिन हॅटला नातू.
तो खुर्चीत बसून शेती करतो, दुसऱ्यांची.
पडद्यावर आमचंच रान काढून दाखवलं:
हिरव्या चौकोनात एक लाल डाग.
"इथे काहीतरी गडबड आहे, आजोबा."
"खारपड आहे," ओरेस्ट म्हणाला,
"त्र्याऐंशी साली माझा डावा बूट तिथे राहिला."
नातवाने ते खरंच टिपून घेतलं.

मग लेथब्रिज. मायरन.
आमच्या लग्नात ज्याने अकॉर्डियन फाडलं होतं, तो.
आता गुडघ्यावर पांघरूण, आणि नजर
भिंतीच्या थोडी पलीकडे.
नावं सांगितली, फोटो दाखवले,
लोणच्याची बरणी उघडून नाकाशी धरली. काही नाही.
तेव्हा ओरेस्टने खिशातून मूठ काढली.
ब्रेंटच्या शेतातला गहू.
कधी घेतला होता कुणास ठाऊक.
मायरनने दोन दाणे दाढेखाली धरले,
चावले,
डोळे मिटले.
"अजून दोन दिवस," म्हणाला. "ओला आहे."

मग ओरेस्टकडे बोट करून मला विचारलं,
"हा कोण? तुझा ड्रायव्हर?"
हो, म्हटलं. नवीन आहे. हळू चालवतो.

परतीला रात्र झाली.
दोन्ही बाजूंनी दूरवर कंबाइनचे दिवे,
कुणाकुणाची सुगी,
आणि एकेका दिव्याजवळ थांबलेला एकेक ट्रक.
बोलण्यासारखं बरंच होतं.
स्टेफाचं, मायरनचं, आणि पुढचं, जे कुणीच काढत नाही.
बरण्या संपल्याने गाडीत आवाजही नव्हता.

"ल्युबा."
"ऐकतेय," मी म्हटलं,
आणि माझा अंगठा
नसलेल्या बटणावर दाबला गेलेला.

तीन मैल तो काही बोलला नाही.
"काही नाही," मग म्हणाला,
"लागतंय का, ते बघत होतो."